नाव आपलं, गाव यिवू

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांनी उभा जन्म पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढला. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ते ती आधी उलटी करतात. मुंजीत मिळालेला डबा असो, सुनेने ऑनलाइन मागवलेला मिक्सर असो, नाहीतर सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी. वाटीच्या बाबतीत फक्त शिरा आधी खाऊन घेतात. मग चष्मा कपाळावर सरकवून बुडाशी काय छापलंय ते वाचतात आणि "हं" म्हणतात. हा "हं" मी इतक्यांदा ऐकलाय की आता बूड न बघताही मला देश कळतो.

हल्लीच्या वस्तूच्या पुढच्या अंगाची आणि मागच्या अंगाची एकमेकांशी ओळख नसते. पुढे ठसठशीत देवनागरीत गडकोटांची आठवण करून देणारं एखादं नाव, शेजारी नऊवारीतली हसरी बाई, वर भगवा पट्टा. मागे मुंगीने भिंग लावून वाचावी अशी अक्षरं. त्यात ‘मार्केटेड बाय’ अंधेरी असतं, ‘इम्पोर्टेड बाय’ भिवंडी असतं, तक्रारीसाठी गुरुग्रामचा फोन असतो. बारशाला आलेल्या यच्चयावत पाहुण्यांची नावं-गावं नीट टिपलेली, आणि बाळाची आई कोण, हे शेवटच्या ओळीत ‘पी.आर.सी.’ एवढ्यात उरकलेलं. म्हणजे चीन. काकूंना मात्र ते बरेच दिवस पुण्यातल्याच एखाद्या रिक्रिएशन क्लबचं नाव वाटत होतं.

गणपतीत सोसायटीने आरतीचा डबा आणला. तळहातावर मावणारा. बटण दाबलं की आरत्या, अथर्वशीर्ष, मंत्रपुष्पांजली, सगळं क्रमवार. काकांनी तो उलटा केला आणि "हं" म्हणाले. मला मात्र तेव्हापासून त्या डब्यापेक्षा चीनमधल्या तपासणी टेबलाशी बसलेल्या मुलीचं कौतुक वाटतं. ती पाळीभर एकेक डबा कानाला लावून बघत असणार. आपल्याकडे दुसऱ्या कडव्यानंतर निम्मी मंडळी टाळ्या वाढवून शब्दांचा प्रश्न मिटवतात, आणि मंत्रपुष्पांजली सुरू झाली की गुरुजी सोडून सगळे भक्तिभावाने जमिनीकडे बघायला लागतात. तिला ते सगळं तोंडपाठ असणार. उद्या पुण्यात घरगुती गणपतीला गुरुजी मिळेनासे झाले, तर ते कुठून आणावे लागतील याचा अंदाज मी बांधून ठेवलाय.

काकांचं खरं दुःख देशाचं नाही, स्क्रूचं आहे. पूर्वीच्या वस्तूला स्क्रू असायचे. म्हणजे बनवणाऱ्याने धरूनच चाललेलं असायचं की ही कधीतरी बिघडणार, आणि तेव्हा कोणीतरी चहाचा कप बाजूला ठेवून ती उघडणार. काकांकडे मारी बिस्किटांच्या जुन्या डब्यात असे स्क्रू जपून ठेवलेले आहेत. पंख्याचे, इस्त्रीचे, शिलाई मशीनचे, आणि काही असे की ती वस्तू काय होती हे आता घरात कोणालाच आठवत नाही. हल्लीच्या वस्तूला स्क्रूच नसतो. दोन टरफलं समोरासमोर धरून खट्‌कन दाबतात, झाली वस्तू. मागे एक आकाशकंदिलातला दिवा बंद पडला. काकांनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. दार सापडेना. शेवटी स्वयंपाकघरातली सुरी लावली तेव्हा तो उघडला, तो कायमचाच. "ह्याला आत जायला वाटच नाही," असं ते म्हणाले, आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

सगळा दोष चीनच्या माथी मारायला आपल्याला आवडतं. मला त्यात आपल्यावर अन्याय होतोय असं वाटतं. दीडशे वर्षं आपण स्वतः जे मन लावून केलं, त्याचं श्रेय परक्याला का द्यायचं?

१ जानेवारी १८७७ ही तारीख घ्या. त्या दिवशी दिल्लीत लॉर्ड लिटनचा दरबार भरला होता, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायला. राजेरजवाडे जडजवाहीर घालून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, गेले ते हातानं कातलेल्या-विणलेल्या जाड्याभरड्या कपड्यांत. आणि नेमकी त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांनी एक कापडगिरणी सुरू केली. अस्सल देशी गिरणी, शेजारच्या शेतातला वऱ्हाडी कापूस. नाव काय ठेवलं? ‘एम्प्रेस’. सार्वजनिक काकांचा पोशाख इतिहासात गेला आणि जमशेटजींचं कापड बाजारात गेलं. त्या दिवशी आपल्याकडचा नियम पक्का झाला: माल घरचा असेल तर नाव बाहेरचं हवं. पुढे नऊ वर्षांनी जमशेटजींनी कुर्ल्याला दुसरी गिरणी घेतली आणि तिचं नाव मात्र ‘स्वदेशी’ ठेवलं. आज दोन्ही बंद आहेत. नागपूरच्या गिरणीच्या जागी मॉल आहे आणि त्याचं नाव एम्प्रेस. राणी गेली, साम्राज्य गेलं, गिरणी गेली, नाव टिकलं.

हा नियम स्वातंत्र्यानंतरही मोडला नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित उल्हासनगरला आले आणि त्यांनी हाताला येईल ते बनवायला सुरुवात केली. बिस्किटं, कपडे, कंगवे, पावडरी. माल बरा असायचा, पण त्यावर ‘उल्हासनगर’ छापलं असतं तर कल्याणच्याही पुढे गेला नसता. म्हणून ‘मेड इन यू.एस.ए.’ छापायचे, आणि कोणी विचारलं तर उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा खुलासा करायचे. हा विनोद म्हणून सांगितला जातो. मला तो उद्योगनीतीवरचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज वाटतो.

पुढे आखातातून सुट्टीवर आलेला कोकणातला माणूस टू-इन-वन घेऊन एस.टी.तून उतरला, की निम्मी वाडी त्याच्या अंगणात. ठाण्यात मर्फीचा रेडिओ बनत होता, बंगलोरला १९६१ पासून एच.एम.टी.ची घड्याळं बनत होती. पण ती सगळ्यांकडेच होती. ‘फॉरेनची’ वस्तू म्हणजे काही वेगळंच. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास अशा वस्तू कागदात गुंडाळून, इकडेतिकडे बघत विकत. परदेशी सेंटची बाटली रिकामी झाली तरी कपाटात मानाने उभी असे. तिच्या बाजूला एखाद्या देशी अत्तराची भरलेली बाटली ठेवायची घरातल्या कोणाची छाती होत नसे.

देशी मालाकडे संशयाने बघण्याची आपली परंपरा थोर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला. शेतकऱ्यांनी तो बघितला आणि सांगितलं की लोखंडाने जमिनीत विष भिनतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. विलायतेहून नांगर आला असता तर त्याच मंडळींनी विषाला कल्हईसारखे गुण असतात असं शोधून काढलं असतं. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला, माणशी एक पैसा गोळा करत गावोगाव फिरले, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लोकांनी पैसा दिला. दिव्याची चिमणी मात्र दुकानात ऑस्ट्रियाची शेजारी असेल तर दोन्ही उजेडाकडे धरून पाहिल्या. पुढे कराडजवळ ओगल्यांनी कारखाना काढला, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला आणि वादळातही विझला नाही. तो विझला वीज आल्यावर. ओगलेवाडी हे गावाचं नाव मात्र अजून आहे. एखाद्या गावाला कंदील बनवणाऱ्यांचं नाव असावं, यात मला अजूनही मोठी श्रीमंती वाटते.

त्याआधी, ७ ऑक्टोबर १९०५ रोजी, पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने परदेशी कपड्यांची होळी झाली होती. टिळक, शिवरामपंत परांजपे बोलले. ढीग धडधडून पेटला. त्यावेळी देशात खपणाऱ्या बहुतेक काड्यापेट्या स्वीडन आणि जपानच्या असत. त्या ढिगाला काडी कोणी लावली हे इतिहासात आहे. काडी कुठली होती हे कोणी उलटं करून बघितलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका तिथे असते तर आज एवढा संशोधनाचा विषय शिल्लक राहिला नसता.

मग मधला एक काळ आला. आकृती बाहेरची, हात आपले, नावही आपलं. इटलीच्या वळणाची स्कूटर आकुर्डीत तयार व्हायची आणि तिला राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव, चेतक. फियाटची गाडी कुर्ल्यात तयार व्हायची, तिला चितोडच्या राणीचं नाव, पद्मिनी. पुढे ही राणी काळे-पिवळे कपडे घालून मुंबईभर भाडी मारत हिंडली आणि २०२३ मध्ये निवृत्त झाली. चेतकसाठी लोक आठ-दहा वर्षं नंबर लावून बसायचे. मुलगा सातवीत असताना नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात यायची. पण नातेवाईक परदेशात असेल आणि त्याने परकीय चलनात पैसे भरले, तर नंबर लवकर लागायचा. आकुर्डीची स्कूटर चिंचवडला यायला व्हाया न्यू जर्सी यायची. बरं, एवढ्या तपश्चर्येनं मिळालेल्या स्कूटरला आपण काय केलं? रोज सकाळी एका अंगाला झोपवलं, लाथा मारल्या आणि तिच्या उत्पादकाच्या सात पिढ्यांची आठवण काढली. तेव्हा कोणी विचारलं असतं की ही बंद पडून परदेशी आली तर चालेल का, तर अख्ख्या सदाशिव पेठेने एका आवाजात होकार दिला असता.

तो होकार दिल्लीला उशिरा ऐकू गेला. आयातीवरचे शेवटचे संख्यात्मक निर्बंध, ७१५ वस्तूंवरचे, एकदम उठले. तारीख होती १ एप्रिल २००१. कोणाला तारखेवरून शंकाही आली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला. पुढचं सगळं तुळशीबागेत दिसलं.

पण तोवर आपणही हात बांधून बसलो नव्हतो. आपले हात बांधायचं काम अगदी कायद्याने चालू होतं. आठशेच्या वर वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. लोणची, कुलपं, अगरबत्ती, काचेच्या बांगड्या वगैरे. लहान राहिलास तर बनव, वाढलास तर ती वस्तू तुझी नाही. तिकडे एका बटणाचे कारखाने तालुक्याएवढे होत होते, आणि इकडे इन्स्पेक्टर येऊन कारखानदाराच्या कमरेला टेप लावून बघत होता, फार सुटला तर नाही ना. या यादीतल्या शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. मोकळ्या करताना लक्षात आलं असेल की त्यातल्या काही बनवणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही.

अगरबत्तीचंच बघा. देवापुढे लावायच्या अगरबत्तीच्या आतली बांबूची काडी चीन आणि व्हिएतनामहून यायची. आपल्याकडे बांबू नाही असं नाही, चंद्रपूर-गडचिरोली भरून आहे. पण १९२७ च्या वन कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होतं. वनस्पतीशास्त्राच्या लेखी ते गवत. गवत कापायला हरकत नसते, झाड तोडायला आणि वाहून न्यायला परवाना लागतो. तेव्हा शेताच्या बांधावर स्वतः लावलेल्या बांबूला हात लावायचा तर आधी तो झाड आहे की गवत याचा निकाल लागायला हवा. तो निकाल २०१७ मध्ये लागला आणि जंगलाबाहेरचा बांबू गवत ठरला. नव्वद वर्षं आपण त्याच्याकडे मान वर करून बघत होतो म्हणून तो झाड वाटत असावा. काड्यांवरची जकात मग २०२० मध्ये दहाची पंचवीस टक्के केली. तोवर देव तिकडच्या काडीला सरावला होता.

औषधांची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही, फक्त हसताना जरा जपून हसावं लागतं. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पेनिसिलिन देशात बनावं म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची मदत होती. नंतर चिनी माल इतका स्वस्त येऊ लागला की ज्या मूळ पदार्थापासून पेनिसिलिनच्या कुळातली औषधं बनतात, त्याचं उत्पादनच देशात थांबलं. ते २०२४ मध्ये काकीनाड्याजवळ पुन्हा सुरू झालं. इतरही पुष्कळ गोळ्यांचा कच्चा माल तिकडूनच येतो. म्हणजे संध्याकाळी टीव्हीवर चीनला धडा शिकवण्याची चर्चा ऐकून जे ब्लडप्रेशर चढतं, ते उतरवायला चीनचीच मदत लागायची शक्यता आहे. टीव्हीतल्या काचेमागचं पॅनेलही बहुधा तिकडचंच. हा व्यवहार चढतानाही त्यांचा, उतरतानाही त्यांचा. २०२४-२५ साली त्यांच्याशी असलेल्या व्यापारातली आपली तूट ९९ अब्ज डॉलरच्या घरात गेली, त्यात या चर्चांचा वाटा किती ते कोणीतरी मोजायला हवं.

आपण तिकडे काय पाठवतो? लोहखनिज, सूत, कोळंबी, एरंडेल. आणि केस. देवाला वाहिलेले, सलूनमध्ये पडलेले भारतीय केस मोठ्या प्रमाणावर चीनला जायचे आणि तिकडे त्यांचे टोप व्हायचे. २०२२ मध्ये सरकारला त्यावर निर्बंध घालावे लागले. ज्या देशाने आपल्या डोक्यावर बसू नये म्हणून आपण एवढी काळजी घेतो, त्याला डोक्यावरचे केस उतरवून पाठवायचे, आणि वर एरंडेल. जगाच्या व्यापारी इतिहासात एवढा विचारपूर्वक आहेर कोणी केला नसेल.

भिवंडीत एके काळी रस्त्यावर उभं राहून बोलता येत नसे. प्रत्येक गल्लीतून मागांचा खडखडाट. आता हमरस्त्यावरच्या बाजूला शांतता आहे. लांबच लांब निळ्या पत्र्याची गोदामं, आत हवेशीर, थंड, खोक्यांवर खोकी. न्हावा शेव्याला कंटेनर उतरतो आणि इकडे येऊन खोक्यांत फुटतो. जिथं कापड विणत होते तिथं आता खोक्याला चिकटपट्टी लावतात. पगार मिळतो, नाही असं नाही. पण मागावरचा माणूस घरी जाऊन सांगू शकत असे की आज एवढी वार काढली. चिकटपट्टीवाला काय सांगणार?

लग्नाच्या बाजारावरही याचा परिणाम झालाय. मुलगा ‘बजाजमध्ये पर्मनंट’ आहे, ‘टेल्कोत’ आहे, ‘किर्लोस्करात’ आहे, एवढं म्हटलं की पूर्वी मुलीचे वडील पत्रिका खिशात ठेवून द्यायचे. मंगळ असला तरी कारखाना सौम्य करायचा. आता मुलगा सोर्सिंगमध्ये असतो. सोर्सिंग म्हणजे काय, असं मुलीच्या आजोबांनी विचारलं तर तो सांगतो, की वस्तू कुठून स्वस्त मिळते ते शोधायचं. आजोबा म्हणतात, हे तर आमच्या हिने मंडईत आयुष्यभर केलं, बिनपगारी.

भोसरीला एक गृहस्थ आहेत. त्यांची प्लास्टिक मोल्डिंगची मशिनं होती. टॉर्चच्या बॉड्या, डब्यांची झाकणं, खेळण्यातल्या मोटारींची चाकं. हाताखाली तीस-चाळीस माणसं, बँकेचं व्याज, जकात नाक्यावरची रांग, गुरुवारची वीज बंद, दिवाळीच्या आधी बोनस आणि दिवाळीनंतर तो कमी दिल्याची बोलणी. ते चिडत, ओरडत, पण मशीनमधून गरम चाक बाहेर पडलं की ते एका हातातून दुसऱ्या हातात झेलत त्याच्याकडे नव्या बाळंतिणीच्या कौतुकाने बघत. एके दिवशी त्यांच्या गिऱ्हाईकाने टेबलावर एक टॉर्च ठेवली. अख्खी टॉर्च, सेलसकट. तिची किंमत यांच्या टॉर्चला लागणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यापेक्षा कमी होती. गृहस्थांनी ती उघडून पाहिली, जोखून पाहिली, हिशेब तीनदा मांडला. चार दिवस चीनला शिव्या दिल्या, चार दिवस सरकारला दिल्या, एक पत्र पंतप्रधानांना लिहिलं आणि मग पासपोर्ट काढला.

यिवू नावाचं शहर त्यांच्यामुळे मला कळलं. चीनच्या झेजियांग प्रांतात आहे. तिथे घरगुती किरकोळ वस्तूंचा बाजार आहे, पंचाहत्तर हजारांच्या आसपास गाळे. एकेका गाळ्यापुढे फक्त तीन मिनिटं थांबायचं ठरवलं आणि आठ तासांची पाळी केली, तरी सगळा बाजार बघायला वर्षाच्या वर जातं. तिथे गणपती मिळतो, मेरी मिळते, ख्रिसमसचा सांताक्लॉज मिळतो, ईदची चांदणी मिळते. धर्मनिरपेक्षता या विषयावर आपल्याकडे इतकी पुस्तकं निघाली, पण ती प्रत्यक्षात एका छपराखाली आणि घाऊक भावात मिळते ती तिथे. आमचे गृहस्थ पहिल्यांदा गेले तेव्हा बरोबर मेतकूट, तिखट शेव आणि बायकोने दिलेल्या शपथा घेऊन गेले. आता तिथे भारतीय जेवण मिळतं. शपथांची चौकशी मी केली नाही.

आता त्यांच्याकडे एक टेबल, एक मोबाइल आणि हिशेबाला एक मुलगी आहे. नफा पूर्वीच्या कितीतरी पट. गुरुवारी वीज असो वा नसो. बोर्डवर अजून ‘उत्पादक’ असं लिहिलेलं आहे, कारण बोर्ड चांगल्या पत्र्याचा होता. त्यांना एका संस्थेने आदर्श उद्योजक म्हणून शाल-श्रीफळ दिलं. सत्काराच्या उत्तरात ते स्वदेशीवर फार पोटतिडकीने बोलले. शाल कुठली होती ते मी बघितलं नाही. श्रीफळ मात्र नि:संशय आपलं होतं.

त्यांना मी एकदा विचारलं, तुम्ही नेमकं काय बनवता? ते हसले आणि म्हणाले, "नाव." खरोखरच आता त्यांचा सगळा वेळ नाव शोधण्यात जातो. तिकडच्या पुरवठादाराचा मेसेज येतो, डिझाइन तयार आहे, ब्रँडचं नाव काय टाकू? मग हे घरातल्यांना बसवतात. मावळ्यांची नावं संपली, गड संपले, संतांना हात लावायची भीती वाटते. शेवटी सध्या नद्या चालू आहेत. निदान नद्या तरी अजून आपल्याकडेच वाहतात, त्यांचं पाणी कसं का असेना.

सगळंच वाईट चाललंय असं म्हणून मी कोणाचा हिरमोड करणार नाही. २०१४ च्या सप्टेंबरात ‘मेक इन इंडिया’ जाहीर झालं तेव्हा देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. तो अजून सोळा-सतरावर तब्येत सांभाळून आहे. खेळण्यांवरची जकात २०२० मध्ये वीसची साठ टक्के झाली आणि नंतर सत्तर, वर दर्जाचा शिक्का सक्तीचा केला, तेव्हा चिनी खेळणी खरोखर कमी झाली. सावंतवाडीच्या लाकडी फळांना पुन्हा बरे दिवस आले तर आनंदच आहे. फक्त ती फळं आता पोरांपेक्षा दिवाणखान्यातल्या शोकेसला जास्त विकली जातात, आणि किंमत ऐकून पोरगं नाही तर बापच रडतो. मोबाइल फोन तर आता आपल्याकडे बनतात आणि परदेशीही जातात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "बनतात का जोडतात?" मी म्हटलं, काका, सुरुवात जोडण्यानेच होते, चेतक तरी काय होती? यावर त्यांनी नेहमीचा "हं" केला. पण या वेळी तो जरा वरच्या पट्टीत होता.

आणि एक वस्तू अशी आहे की जिच्या बाबतीत आपण चीनला पार मागे टाकलंय. तो म्हणजे चायनीज मांजा. संक्रांतीच्या आसपास पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापणारा हा नायलॉनचा दोरा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. दरवर्षी पोलीस धाडी घालतात आणि रिळांचे ढीग वर्तमानपत्रात छापून येतात. तो बहुतांशी बनतो आपल्याच देशात. विकला जातो चीनच्या नावाने. एकच वस्तू आपण मनापासून, कोणाच्याही अनुदानाशिवाय, बंदी मोडून बनवतो, आणि तिचं श्रेय तेवढं शेजाऱ्याला देऊन टाकतो. जमशेटजींच्या एम्प्रेसपासून उल्हासनगरमार्गे आलेली परंपरा अशी अखंड चालू आहे.

परवा भोसरीचे गृहस्थ यिवूहून परतले ते जरा गप्प होते. खोदून विचारलं तेव्हा बोलले. त्यांचा तिकडचा पुरवठादार आता थकलाय. मजुरी वाढली, पोरांना कारखान्यात यायचं नाही, अमेरिकेने जकाती वाढवल्या. त्याने यांना जेवायला नेलं, गरम पाणी पाजलं आणि विचारलं की भारतात कारखाना टाकायचा म्हणतो, मशिनं माझी, साचे माझे. तुमची पुण्यात जागा होती ना? मोठं शेड, वीज-पाणी, सगळं? तिथेच सुरू करू या की.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? फोनवर फोटो काढून दाखवला त्याला. टॉवर उभा राहतोय तिथे, अकराव्या मजल्याचा स्लॅब पडला. खाली माझेच दोन फ्लॅट."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, छान आहे. आणि विचारायला लागला, टाइल्स आणि नळ कोणाकडून घेताय?"